शेवटचे तीन आकडे

“चिन्ह तपासलंय का त्यांनी नीट?” सरांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला.

7 एप्रिल 2021, बुधवारची रात्र. दोनच दिवसांपूर्वी राज्यात नवे निर्बंध लागू झाले होते आणि खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शिकागोजवळच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेचं, म्युऑन कणाच्या मोजमापाचं सादरीकरण मी लॅपटॉपवर पाहिलं आणि ते संपताच पुण्याला सरांना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं सांगितलं, “सर, ब्रुकहेवनचा आकडा बरोबर होता! दोन्ही प्रयोग मिळून सिद्धांतापासून फरक 4.2 सिग्मा!” ब्रुकहेवन ही तोच आकडा आधी मोजणारी प्रयोगशाळा, आणि सिग्मा जितके जास्त तितकी तो फरक केवळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही, आणि मग हा चिन्हाचा प्रश्न.

त्यांनी तो का विचारला ते मला लगेच कळलं. वीस वर्षांपूर्वी एका उणे चिन्हानं आम्हा दोघांना चांगलंच शिकवलं होतं.

माझा प्रबंध म्युऑन नावाच्या कणाच्या चुंबकीय परिबलावर होता. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ. विद्युतभार तोच, स्पिन तोच, वस्तुमान मात्र 207 पट आणि आयुष्य सरासरी 2.2 मायक्रोसेकंद. तुम्ही हे वाचताय तेवढ्यातही काही म्युऑन तुमच्या अंगातून आरपार गेले असतील. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणूंवर आदळतात, त्यातून हे जन्मतात आणि उघड्या तळहातावर सेकंदाला एखाद-दुसरा या हिशोबानं खाली उतरतात. एवढ्याशा आयुष्यात प्रकाशाच्या वेगानं धावलं तरी साडेसहाशे मीटरच कापून होतील. मग दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरून ते जमिनीपर्यंत पोचतात कसे? वेगात धावणाऱ्याचं घड्याळ मंद चालतं, म्हणून. अशा कणांचं आयुष्य वेगानुसार लांबलेलं दिसायला हवं आणि तो सापेक्षतेचा थेट पुरावा ठरेल, हे 1938 साली केंब्रिजमधून लिहिणारा तरुण आपल्या मुंबईचा होता: होमी भाभा. फर्मीलॅबचा अख्खा प्रयोग याच मंदावलेल्या घड्याळाच्या भरवशावर चालतो. तिथल्या वेगाला म्युऑन 2.2 ऐवजी सुमारे 64 मायक्रोसेकंद जगतात, आणि त्यांच्याकडून काही मोजून घ्यायला तेवढा वेळ पुरतो.

काय मोजायचं, ते मी वर्गात भोवऱ्यावरून सांगते. जाळी गुंडाळून भोवरा फेकला की आधी ताठ फिरतो. मग कलतो, पण कलला तरी पडत नाही. आरीवर उभा राहून सावकाश डुलायला लागतो. पुस्तकात या डुलण्याला परांचन म्हणतात. म्युऑन हा असाच भोवरा आहे आणि त्याच्या अंगात एक चुंबकसुई आहे. चुंबकीय क्षेत्रात तो डुलतो, आणि किती वेगानं डुलणार हे ज्या संख्येवर ठरतं तिला ‘जी’ म्हणतात. 1928 साली डिरॅकच्या समीकरणातून या ‘जी’चं मूल्य नेमकं 2 निघालं. 1947 साली कुश आणि फोली यांनी इलेक्ट्रॉनसाठी मोजलं तेव्हा ते किंचित जास्त भरलं. पुढच्याच वर्षी जूलियन श्विंगरनं त्या किंचितचा हिशोब दिला: ‘जी’ची निम्मी किंमत घेतली तर 1 च्या वर 0.00116. हे सूत्र अमेरिकेतल्या केंब्रिजजवळच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. माणसामागं एवढी एक ओळ उरावी याचं मला विद्यार्थिनी असताना फार अप्रूप वाटायचं. अजूनही वाटतं.

हे जास्तीचं येतं कुठून? निर्वात पोकळी रिकामी नसते, तिथून. म्युऑन एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडतो आणि परत गिळतो. त्या निमिषात तो फोटॉन एखाद्या कण-प्रतिकणाच्या जोडीत फुटतो, पुन्हा मिटतो, आणि या येण्याजाण्यात निसर्गात जे जे कण आहेत ते सगळे हजेरी लावून जातात. आपल्याला माहीत असलेले, आणि नसलेलेही. म्हणूनच या संख्येत एवढी ओढ आहे. नवा कण प्रत्यक्ष घडवायला प्रचंड यंत्र लागतं, पण त्याची सावली म्युऑनच्या डुलण्यावर आपोआप पडते. आपण फक्त पुरेसं बारीक मोजायचं, आणि ज्ञात कणांचा हिशोब तितक्याच बारकाईनं करून त्यातून वजा करायचा. उरलं, तर ते स्टँडर्ड मॉडेलच्या, म्हणजे ज्ञात कणांच्या आजच्या सिद्धांताच्या, पलीकडचं.

मग इलेक्ट्रॉनवरच का नाही मोजत, असं मुलं दरवर्षी विचारतात. त्याचं मोजमाप तर कितीतरी पट अचूक आहे. पण जड अनोळखी कणाची सावली त्या-त्या कणाच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. 207 चा वर्ग करा: म्युऑन जवळजवळ 43 हजार पट जास्त हळवा. याच कुळातला टाऊ कण त्याहूनही जड आहे, पण तो इतक्या लवकर मरतो की त्याला असं फिरवत ठेवता येत नाही.

फेब्रुवारी 2001. मी मुंबईत संशोधनाच्या पहिल्या वर्षाला होते. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेनं जाहीर केलं की म्युऑनचा आकडा सिद्धांतापेक्षा 2.6 सिग्मानं जास्त आहे. केवळ योगायोगानं इतका फरक दिसण्याची शक्यता शंभरात एक. सर वर्गातून आले ते सरळ फळ्याकडं गेले आणि खडूनं एक वेटोळं काढलं. आत येणारा म्युऑन, बाहेर जाणारा म्युऑन आणि मधल्या वेटोळ्यात त्याचा सुपरसिमेट्रीतला जोडीदार, स्म्युऑन. “आधी चिन्ह बघायचं,” ते म्हणाले, “आकार मग.”

सुपरसिमेट्रीत प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार असतो. त्या सिद्धांतात ‘म्यू’ नावाची एक राशी आहे आणि जोडीदारांच्या हजेरीनं म्युऑनचं परिबल वाढणार की घटणार हे मुख्यतः तिच्या चिन्हावर ठरतं. ब्रुकहेवनला वाढ हवी होती. म्हणजे ऋण ‘म्यू’ असलेली निम्मी मांडणी बाद! त्या वर्षी जगभरात या एका फरकावर निबंधांचा पाऊस पडला. माझ्याही वहीत पानंच्या पानं भरत होती. शंभर ते काहीशे गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचे (प्रोटॉन या मापात साधारण एकचा) जोडीदार घेतले की फरक कसा नेटका भरून निघतो, याच्या आलेखांवर मी रंगीत पेन्सिलींनी पट्टे ओढायचे. निसर्गातली एक नवी गोष्ट आपल्या कागदावर उमटतेय या खात्रीनं मी त्या दिवसांत झोपायचे आणि त्याच खात्रीनं उठायचे.

नोव्हेंबरमध्ये मार्सेच्या मार्क क्नेश्ट आणि आंद्रेआस निफेलर यांचा निबंध आला. सिद्धांताच्या हिशोबात एक छोटा हिस्सा असतो, फोटॉनांनी फोटॉनांवरून विखुरण्याचा, ज्यात मध्ये पायॉन नावाचा हलका कण येतो. त्या हिश्श्याचं चिन्ह सगळे उलटं घेत आले होते. जिथं अधिक हवं तिथं उणे. ज्यांचा तो मूळ हिशोब होता त्या किनोशिता आणि हायाकावा यांनी तो पुन्हा तपासला, संगणक प्रोग्राममधल्या एका संकेतामुळं गफलत झाल्याचं शोधलं आणि तसं प्रसिद्धही केलं. फरक 1.6 सिग्मावर आला. त्याला कुणी फरक म्हणत नाही.

किनोशितांबद्दल इथं थांबून सांगायलाच हवं. या माणसानं आयुष्याची कित्येक दशकं या एकाच संख्येला दिली. पुढं त्यांच्या गटानं पाचव्या पायरीपर्यंतचा हिशोब केला, ज्यात 12,672 आकृत्या मोजाव्या लागतात. एवढ्या कामात एक चिन्ह चुकणं आणि ते स्वतः मांडणं, या दोन्ही गोष्टी मी एकाच माणसाच्या कामात वाचल्या. 2023 मध्ये ते गेले तेव्हा मी वर्गात तास न घेता मुलांना त्यांच्याबद्दल सांगितलं.

पुढच्या काही वर्षांत ब्रुकहेवनची मोजमापं पूर्ण झाली, सिद्धांताची बाजूही सुधारली आणि फरक परत वर चढला, तीन सिग्माच्या पुढं. माझा प्रबंध त्याच फरकावर पुरा झाला. मी कॉलेजात शिकवायला लागले. सर निवृत्त होऊन पुण्याला गेले. आकडा आमच्या दोघांत तसाच राहिला, एखाद्या न सुटलेल्या नातेवाइकी प्रकरणासारखा. दिवाळीला फोन केला तरी शेवटी विषय तिथंच यायचा.

या फरकाचा आकार समजून घेतला की अडचण कळते. 2021 साली तो होता अब्जात अडीच, म्हणजे 0.0000000025. ऐकायला नगण्य. पण डब्ल्यू, झेड आणि हिग्ज या जड कणांची मिळून या संख्येतली हजेरी अब्जात दीडच आहे. म्हणजे जे काही दडलेलं आहे त्याचा आवाज डब्ल्यू आणि झेड यांच्याहून मोठा. ते त्यांच्याइतकंच जड असेल आणि त्यांच्याइतक्याच जोरानं म्युऑनशी बोलत असेल, तर जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरला ते एव्हाना दिसायला हवं होतं. दिसलं नाही. माझे शंभर-दोनशे गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे रंगीत पट्टे त्या यंत्रानं एकेक करून पुसत नेले. सुपरसिमेट्रीला कोपऱ्यात जागा उरली, पण पूर्वीचा ऐसपैस वाडा गेला.

मग वाटा उरल्या त्या चमत्कारिक. एक, कण हलका पण अतिशय मितभाषी. ‘डार्क फोटॉन’ ही त्यातली सर्वांत सुटसुटीत कल्पना, आपल्या फोटॉनचा अंधारातला भाऊ. मला ती मनापासून आवडायची, कारण तीच कृष्णद्रव्याकडं जाणारी पायवाट वाटायची. प्रयोगांनी तिचं साधं रूप काही वर्षांतच बंद केलं. तिची चुलतबहीण मात्र तगून राहिली: म्युऑन आणि टाऊ यांच्याशीच संबंध ठेवणारा, इलेक्ट्रॉनला ओळखच न दाखवणारा एक हलका बलवाहक. इलेक्ट्रॉनवर चालणाऱ्या प्रयोगांना तो सापडणार कसा? ही युक्ती 1991 पासून कागदावर होती. तेव्हा ती या कोड्यासाठी सुचलेलीही नव्हती.

दुसरी वाट मला सर्वांत देखणी वाटते. चुंबकीय परिबल निर्माण व्हायचं तर वेटोळ्यात शिरताना डावखुरा असलेला म्युऑन बाहेर पडताना उजवा व्हावा लागतो. ही कूस बदलायची किंमत असते वस्तुमान, आणि म्युऑन बिचारा स्वतःच्या खिशातून ती देतो, म्हणून परिणाम इवलासा राहतो. आता वेटोळ्यात लेप्टोक्वार्क घ्या, म्हणजे लेप्टॉनाचं (इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ यांच्या कुळातल्या कणाचं) क्वार्कात, प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या कणात, रूपांतर करणारा एक जड कण. त्याच्याबरोबर आत येतो सर्वांत जड क्वार्क, टॉप, म्युऑनच्या 1600 पट जड. कूस बदलायची किंमत टॉप भरतो! त्यामुळं लेप्टोक्वार्क स्वतः कोलायडरच्या टप्प्याबाहेर असला, हजारो गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा असला, तरी म्युऑनवर त्याची सावली पुरेशी गडद पडते. हे मी पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

दरम्यान प्रयोगाची बाजू गप्प नव्हती. 2013 च्या उन्हाळ्यात ब्रुकहेवनचं 14 मीटर व्यासाचं अतिवाहक चुंबकाचं कडं फर्मीलॅबकडं निघालं. ते तोडता येणार नव्हतं, आणि प्रवासात काही मिलिमीटर जरी पिळलं तरी कायमचं निकामी. म्हणून ते सपाट तराफ्यावर चढवून अटलांटिकच्या किनाऱ्यानं खाली, फ्लोरिडाला वळसा घालून, नद्यानद्यांनी वर इलिनॉयला नेलं. शेवटचा टप्पा रस्त्यानं, रात्री वाहतूक थांबवून, पावलापावलानं. सुमारे पाच हजार किलोमीटर. त्या मिरवणुकीची छायाचित्रं मी वर्गात लावली होती. लोक घराबाहेर खुर्च्या टाकून बसलेत आणि समोरून एक प्रचंड पांढरं कडं सावकाश जातंय.

त्या कड्यात धन भाराचा म्युऑन फिरतो. एक फेरी 149 नॅनोसेकंदांची. दर सुमारे 29 फेऱ्यांत त्याची चुंबकसुई एक जादा गिरकी घेते. तो मरताना निघणारा पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा, सुईच्या दिशेनं झेप घेतो, म्हणून कडेनं बसवलेल्या 24 शोधकांवर पॉझिट्रॉनांची संख्या लाटेसारखी चढते-उतरते. ती लाट मोजायची. आणि मनाला मोह पडू नये म्हणून ज्या घड्याळावर मोजायचं त्याची नेमकी गती खुद्द प्रयोगकर्त्यांपासून लपवलेली! ती फक्त दोन बाहेरच्या माणसांना ठाऊक, आणि लखोट्यात बंद. सगळं विश्लेषण संपल्यावरच लखोटा फुटणार.

तो फुटला, आणि त्या एप्रिलच्या रात्री मी सरांना फोन केला.

चिन्हाच्या प्रश्नावर मी म्हणाले, “हो सर, आता सगळ्यांनी दहा-दहा वेळा तपासलंय.” खरं तर त्यांना सांगायला हवी अशी आणखी एक गोष्ट मला माहीत होती. त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये एक निबंध आला होता. सिद्धांतातला सर्वांत चिवट हिस्सा म्हणजे फोटॉन क्षणभर क्वार्कांच्या गर्दीत फुटतो तो. या गर्दीचा हिशोब कागदावर होतच नाही. म्हणून आजवर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींची मोजमापं घेऊन तो उलट दिशेनं काढत. बुडापेस्ट, मार्से आणि वुपर्टाल यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका गटानं तोच हिस्सा थेट काढला होता: अवकाश आणि काळ यांची जाळी विणायची आणि तिच्या गाठींवर महासंगणकानं क्वार्कांचे नियम चालवायचे. त्यांचं उत्तर जुन्यापेक्षा मोठं होतं. ते घेतलं तर सिद्धांत प्रयोगाच्या जवळ सरकत होता आणि फरक जवळपास विरत होता.

मी ते सरांना सांगितलं नाही. ती रात्र तशीच राहावी असं मला वाटलं. वीस वर्षं वाट पाहिल्यावर एक रात्र.

सकाळी सात वाजता त्यांचाच फोन. “तो जाळीवाला निबंध वाचलास ना काल?”

“वाचला, सर.”

“मग?”

मग आम्ही तासभर त्यावरच बोललो. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त हिश्श्यांचे आकडे एकामागून एक विचारले आणि मी सांगत गेले.

पुढची चार वर्षं फरकाची बाजू ढासळत गेली, आणि ढासळली ती सिद्धांताच्या अंगानं. बाकीचे जाळीवाले गट स्वतंत्रपणे तसल्याच उत्तराला येऊ लागले. 2023 मध्ये सायबीरियातल्या नोवोसिबिर्स्कच्या सीएमडी-3 प्रयोगानं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींमधून निघणाऱ्या पायॉनांच्या जोड्या नव्यानं मोजल्या; जुना हिशोब मुख्यतः याच जोड्यांवर उभा होता. त्यांची संख्या आधीच्या सर्व प्रयोगांपेक्षा जास्त भरली, अगदी त्याच यंत्रशाळेतल्या जुन्या मोजमापांपेक्षाही. ही मोजमापं आपसात का जुळत नाहीत याचं उत्तर अजून कुणाकडं नाही. मला वाटतं आजची खरी विसंगती तिथं आहे, आणि कुणा तरुण माणसानं आयुष्य द्यावं इतकी ती मोलाची आहे. मे 2025 च्या अखेरीस सैद्धांतिकांच्या जागतिक गटानं आपला नवा एकत्रित आकडा दिला. तो जाळीवरचा होता. आठवडाभरात, 3 जूनला, फर्मीलॅबनं प्रयोगाच्या सहाही सत्रांची मोजमापं धरून अखेरचा आकडा जाहीर केला. अचूकता खुद्द त्या आकड्याच्या एक अब्जात 127 भाग, ठरवलेल्या 140 पेक्षाही सरस. दोघांतला फरक अनिश्चिततेच्या मर्यादेत. अब्जात अडीचच्या जागी आता नाव घेण्यासारखं काही उरलेलं नाही.

ज्यांनी वर्षानुवर्षं लेप्टोक्वार्क आणि स्म्युऑन यांचे हिशोब केले त्यांचं काम वाया गेलं का, असं एका माजी विद्यार्थ्यानं मला त्या रात्री विचारलं. तो स्वतः यातच डॉक्टरेट करतोय आणि त्याचा आवाज पडलेला होता. मी त्याला समजूत म्हणून काही सांगितलं नाही, जे आहे तेच सांगितलं. टॉप क्वार्क किंमत भरतो ते गणित अजूनही बरोबर आहे. पूर्वी आपण म्हणायचो, लेप्टोक्वार्कनं इतकी सावली पाडलीच पाहिजे. आता म्हणायचं, याहून जास्त पाडता कामा नये. उद्या कुणी काहीही नवं सुचवलं तरी त्याला या आकड्यापुढून वाकून जावं लागेल. आणि सिद्धांताची अनिश्चितता अजून प्रयोगाच्या चौपट आहे, म्हणजे तिथं जागा आहे. जपानमध्ये जे-पार्कला वेगळ्याच पद्धतीनं, मंद केलेले म्युऑन छोट्या चुंबकात फिरवून, हाच आकडा पुन्हा मोजायची तयारी चालू आहे. तो म्हणाला, “तरी वाईट वाटतंच ना मॅडम?” मी म्हटलं, हो. मला 2001 मध्येही वाटलं होतं आणि आजही वाटतंय.

त्या रविवारी मी पुण्याला गेले. पाऊस त्या वर्षी लवकर आला होता आणि सरांच्या गॅलरीतली खुर्ची आत घेतलेली होती. त्यांना आता वाचता येत नाही. त्यांच्या टेबलावर माझ्या प्रबंधाची प्रत होती, काळ्या बांधणीची. मी येणार म्हणून त्यांनी ती कुणाकडून तरी काढून ठेवली होती. काकूंनी चहा आणला. मी छापून नेलेला कागद बाहेर काढला.

“सिद्धांताचं नंतर,” सर म्हणाले. “आधी मोजलेला आकडा वाच.”

“शून्य पूर्णांक, शून्य, शून्य, एक, एक, सहा, पाच, नऊ, दोन, शून्य, सात, शून्य, पाच.”

ते डोळे मिटून ऐकत होते. उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर दर आकड्याला टेकत होतं.

“ब्रुकहेवनला आपल्याला शेवटचे तीन असे मिळाले नव्हते,” ते म्हणाले. “तेवढे परत वाच. सावकाश.”

“सात,” मी म्हणाले. “शून्य. पाच.”